खानदेशात घडणारी फँटसी कादंबरी लिहायची आहे. नायिकेला तिची शक्ती कशी सापडावी?

जादूची अंगठी, तलवार, ‘तूच ती निवडलेली’ वगैरे राहू द्या. आपल्याकडे खानदेशची देवी कानबाई आहे की! श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी स्थापना, नारळाला नथ-डोळे लावून साज, रात्रभर जागरण, सोमवारी वाजतगाजत विसर्जन. खरी गंमत रोटांत, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या पोळ्यांत आहे. त्यांचा गहू बऱ्याच घरांत पुरुषांच्या नावाने मोजतात, माणशी सव्वा मूठ. देवी बाई, राबणाऱ्या बाया, मोजणी मात्र गड्यांची! तुमची जळगावला कॉलेजात जाणारी पोरगी स्वतःच्या नावाची सव्वा मूठ गुपचूप टाकते आणि माळ्यावरचं जुनं जातं घरघरायला लागतं. (आता सगळे गिरणीत दळतात म्हणा. मग लाइट गेलेली असताना गिरणीचा पट्टा फिरू द्या, मला तर तेच जास्त आवडेल.)

पहिल्याच प्रकरणात तिला उडवू नका मात्र. शक्ती अहिराणीत बोललं तरच चालते, आणि हिला तर कॉलेजात अहिराणीची लाज वाटते, असं काहीतरी करा. मंत्राची पोथीही नको. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता येत नव्हतं, ओव्या मुलाने उतरवून घेतल्या. मंत्र आजीच्या तोंडीच ठेवा, तोही अर्धवट आठवणारा.