वाचकांचे प्रश्न : लेख लिहून वेबसाइटला लिंक कशा मिळवायच्या?

प्रश्न : आम्ही आमच्या बागेतले बेदाणे वेबसाइटवरून विकतो. 150 आर्टिकल डिरेक्टऱ्यांवर (कुणाचेही लेख घेणाऱ्या साइटवर) लेख टाकून महिन्याभरात 500 बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून आमच्याकडे येणाऱ्या लिंक) देतो, असं एका एजन्सीनं सांगितलं आहे. काम द्यावं का? (तासगाव, जि. सांगली)

उत्तर : मुळीच देऊ नका. एकच लेख शब्द फिरवून फिरवून शेकडो डिरेक्टऱ्यांवर चढवायचा आणि खाली लेखकाच्या चौकटीत आपली लिंक द्यायची, हे एकेकाळी खपून जायचं. फेब्रुवारी 2011मध्ये गूगलच्या पांडा अपडेटनं (शोध-निकालांचा क्रम ठरवण्याच्या पद्धतीतल्या बदलानं) असल्या पातळ मजकुराच्या साइट खाली ढकलल्या. एप्रिल 2012च्या पेंग्विन अपडेटनं बनावट लिंक जमवणाऱ्यांनाच गाठलं. 2016पासून गूगल अशा बहुतेक लिंक मोजतच नाही, म्हणजे दिलेले पैसे पाण्यात. प्रकार फारच उघड असेल तर सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात) मॅन्युअल ॲक्शनची, म्हणजे गूगलच्या माणसानं तपासून केलेल्या कारवाईची, नोटीस येते. मग एकेका साइटला लिंक काढायची विनवणी करा, ज्या निघत नाहीत त्यांची डिसअव्हाऊ यादी (‘या लिंक धरू नका’ असं गूगलला सांगणारी) द्या आणि फेरविचाराचा अर्ज करून वाट बघा.

त्याऐवजी एकच लेख लिहा, पण तुम्हालाच लिहिता येईल असा. ‘बेदाण्याचे 10 फायदे’ सगळीकडे आहेत. त्याला कोण कशाला लिंक देईल? तुमच्या शेडवरची माहिती मात्र सहसा कुठे सापडत नाही. लिटरभर पाण्याला 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिली डिपिंग ऑइल हे द्राक्षं बुडवायच्या द्रावणाचं प्रमाण तुमच्याकडे कसं लागू पडलं, घड किती मिनिटं बुडवले, जाळीवर माल किती दिवसांत वाळला, ढगाळ हवेत रंग का बिघडला, हे तारखेवार लिहा. साधारण 4 किलो द्राक्षांना 1 किलो बेदाणा पडतो. तुमचा उतारा किती, याचा तक्ता द्या. फोटो तुमच्याच शेडचे लावा.

लेख आपल्या साइटवर टाका आणि मग शेती, सुकामेवा किंवा पाककृतींच्या साइट चालवणाऱ्यांना चार-पाच ओळींची मेल करा. त्यांच्या नेमक्या कोणत्या पानावर कोणती माहिती अपुरी आहे आणि तुमचा तक्ता ती कशी भरून काढतो, एवढंच लिहा. सगळ्यांना एकच मजकूर पाठवलात तर तो न वाचताच डिलीट होतो.

प्रश्न : दुसऱ्यांच्या साइटसाठी पाहुणा लेख लिहिते. लिंक कुठे आणि कोणत्या शब्दांवर द्यावी? बरेच जण लिंकला नोफॉलो (ही लिंक शिफारस म्हणून धरू नका, असं गूगलला सांगणारी खूण) लावतात, मग उपयोग काय? (ठाणे)

उत्तर : लेखाच्या ओघात वाचकाला पुढची माहिती हवीशी वाटेल तिथे एक लिंक द्या, आणि तीही होमपेजला नव्हे, त्या विषयाच्या आतल्या पानाला. ‘ठाण्यातील सर्वोत्तम केटरिंग’ असे विक्रीचे शब्द दहा लेखांत दहा वेळा लिंकले की ठरवून केलेलं काम लगेच ओळखू येतं. गूगलच्या स्पॅम धोरणात या प्रकाराचा स्पष्ट उल्लेख आहे. त्या पानावर जे आहे तेच शब्द वापरा, उदाहरणार्थ ‘50 माणसांच्या जेवणाचा शिधा’.

नोफॉलोची धास्ती नको. 2019पासून गूगल त्याकडे आदेश म्हणून नव्हे, इशारा म्हणून बघतं, आणि वाचक तर त्या लिंकवरूनही येतोच. पैसे देऊन लेख छापला असेल तर लिंकला स्पॉन्सर्ड (पैसे दिल्याची खूण) किंवा नोफॉलो लावायलाच हवं. लिहायला बसण्याआधी त्या साइटवरचे शेवटचे 20 लेख चाळा. कर्ज, कॅसिनो आणि केसगळती एकाच पानावर नांदत असतील तर तिथे लिंक विकल्या जातात. तिथून वाचक येणार नाही. लेख छापून आल्यावर महिनाभर ॲनालिटिक्समध्ये (साइटवर वाचक कुठून आले ते दाखवणाऱ्या साधनात) रेफरल, म्हणजे त्या लिंकवरून आलेले वाचक, तपासा. किती आले यापेक्षा ते किती वेळ थांबले आणि पुढचं पान उघडलं का, ते बघा.

प्रश्न : तोच लेख आपल्या आणि दुसऱ्याच्या साइटवर चालेल का? (नागपूर)

उत्तर : दंड होत नाही, पण गूगल सहसा एकच प्रत दाखवतं आणि मोठ्या साइटची प्रत वर येण्याची शक्यता जास्त. त्यांना त्यांच्या प्रतीवर नोइंडेक्स (हे पान शोधात दाखवू नका, अशी खूण) लावायला सांगा. ते तयार नसतील तर दुसरा लेख लिहा.

प्रश्न : मराठी लेखाची लिंक व्हॉट्सॲपवर पेस्ट केली की टक्क्यांच्या खुणांची रांग दिसते. का? (रत्नागिरी)

उत्तर : पत्ता देवनागरीत असला की कॉपी करताना प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा 9 चिन्हांची होते. नुसत्या ‘मोदक’ची 36 चिन्हं झाली. शिवाय वर्डप्रेस (साइट चालवायचं सॉफ्टवेअर) पत्त्याचा शेवटचा, शीर्षकावरून बनणारा भाग, म्हणजे स्लग, 200 चिन्हांवर छाटतं, म्हणजे 22 देवनागरी खुणांच्या आसपास पत्त्यातलं शीर्षक मध्येच तुटतं. लोक असली लिंक फसवी समजून उघडत नाहीत. शीर्षक मराठीच ठेवा. स्लग मात्र तीन-चार शब्दांचा, रोमन लिपीत, हाताने टाका. जुन्या पोस्टचा स्लग बदललात तर वर्डप्रेस जुन्या पत्त्यावरून आपोआप वळवतं, पण ‘पेज’च्या (‘आमच्याविषयी’सारख्या कायमच्या पानाच्या) बाबतीत तो भरवसा नाही. तिथे 301 रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं वळवणं) स्वतः लावा, नाहीतर आधी मिळालेल्या लिंकवरून येणारा वाचक 404वर, म्हणजे ‘पान सापडलं नाही’वर, जाऊन आदळेल.