सत्कार फेडायचा असतो

प्रिय पोरी,

तुझं पत्र काल मिळालं. जिल्ह्यात ३००० मीटरला पहिली आलीस आणि आता गावाने मिरवणूक ठरवलीय म्हणून तुला घाम फुटलाय. ट्रॅक्टर, हलगी, चौकात फ्लेक्स, ग्रामपंचायतीपुढे शाल-श्रीफळ. "मी एवढं काय केलंय? नको म्हणू का?" असं विचारतेस.

नको म्हणू नकोस. माण तालुक्यातल्या गावाला हलगी वाजवायला निमित्तं फार मिळत नाहीत. ट्रॅक्टरवर उभी राहा, आईला शेजारी घे, गुलाल लावून घे. फक्त एक लक्षात ठेव, सत्कार फेडायचा असतो. नवस फेडतात तसा.

पत्रात शेवटी तू सहज लिहिलंयस, "गल्लीतल्या तीन पोरी रोज स्टँडपर्यंत माझ्यामागं पळत येतात, मग दमून थांबतात." हे वाक्य मी चार वेळा वाचलं. मिरवणुकीबद्दल दोन पानं आणि या पोरींबद्दल एक ओळ!

माझ्याही दारात अशा पोरी आल्या होत्या. १९८७ साली राज्य पातळीवर ८०० मीटरला मी दुसरी आले, अनवाणी. गावाने साडीचोळी केली, बैलगाडीतून फिरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या दोघी परकर खोचून दारात उभ्या. "आम्हाला पण शिकव." मी म्हणाले, परीक्षा झाल्यावर बघू. परीक्षा झाली, पुढच्या वर्षी माझं लग्न झालं, पदक ट्रंकेत गेलं. त्यातली एक माझ्याहून जोरात पळायची. ओढ्याच्या वाटेवर डोक्यावर कळशी घेऊनही ती मला मागे टाकायची. तिचं पुढे काय झालं हे मला माहीत आहे, आणि ते मी इथे लिहिणार नाही.

खाशाबा जाधवांचं नाव तू ऐकलंयस. १९५२ला हेलसिंकीच्या ऑलिंपिकहून कुस्तीतलं कांस्यपदक घेऊन आले, तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ती गोष्ट सगळे सांगतात. त्यानंतरची मला जास्त मोठी वाटते. त्यांना पाठवता यावं म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर ७ हजारांना गहाण टाकलं होतं. खाशाबांनी परत येऊन कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले आणि त्या पैशातून ते घर सोडवलं. ऑलिंपिकचं पदक गळ्यात पडलेला माणूस पुन्हा मातीत उतरला. मी फेडणं म्हणते ते हे.

तुला कुणाचं घर सोडवायचं नाही. तुझं कर्ज त्या तीन पोरींचं आहे.

२०१६ला मोहीची ललिता बाबर रिओला स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली, दहावी आली. तेव्हा माझ्या वर्गातल्या पोरी सारखं एकच बोलत होत्या, "बाई, मोही तर आपल्याच तालुक्यात!" ऑलिंपिक एवढं जवळ आलं होतं. आणि तू तर त्यांच्या गल्लीतलीच. तुला घामाघूम झालेली त्यांनी बघितलंय, आईची बोलणी खाताना बघितलंय. तुझ्यावर त्यांचा विश्वास बसतो तो त्यामुळे.

म्हणून भाषण करू नकोस. शाळेच्या मैदानावर फक्कीने २०० मीटरची फेरी आख. पहिले पंधरा दिवस अर्धी फेरी पळायचं, अर्धी चालायची, तेही बोलता येईल इतक्याच वेगाने. तुझ्या वेगाने पळवलंस तर चौथ्या दिवशी एकही येणार नाही. आणि एक वही कर. पहिल्या दिवशी प्रत्येकीची ८०० मीटरची वेळ लिही, नंबर लिहू नकोस. माझ्याकडे एक पोर ५ मिनिटं १० सेकंदांवरून ४:३२ वर आली. त्या दिवशीही ती शेवटून दुसरीच होती, पण शाळेची घंटा आम्ही तिच्यासाठी वाजवली. घरी जाताना ती चालली नाही, पळत गेली.

वेळ नाही, पोलीस भरतीची तयारी आहे, असं मला सांगू नकोस. भरतीच्या ८०० मीटरसाठी तू पहाटे पाचला उठतेसच. मग त्या तिघींना मागे ठेवून डांबरीवर एकटी कशाला पळतेस?

मला लोक म्हणतात, बावीस वर्षं मैदानावर घातलीत, पदक कुठाय? पदक नाही. माझ्या मुलाच्या दहावीच्या वर्षीसुद्धा मी पहाटे घरात नव्हते, तो अजून बोलून दाखवतो. त्याचं चुकत नाही. पण दारात आलेल्या पोरीला "नंतर बघू" म्हणायचं नाही, हे मी एकदा ठरवलं आणि ते मोडलं नाही. त्या पोरींपैकी कितीतरी जणी आता आपल्या लेकींना घेऊन मैदानावर येतात. मला एवढं पुरतं. पुरायलाच हवं.

चिडले असेन तर राग मानू नकोस. तुझी ३००० मीटरची वेळ मी माझ्या वहीत लिहून ठेवलीय, तुझ्या पहिल्या दिवसाच्या वेळेखाली.

मिरवणूक शनिवारी आहे ना? मी मुक्कामाला येते. सरपंचांना सांग, फ्लेक्स एकच पुरे. दुसऱ्या फ्लेक्सच्या पैशात फक्कीची पोती आणि बूट आणू. तिघींच्या पायांची मापं आजच घे, वहीच्या कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने. रविवारी साडेपाचला मैदानावर. घड्याळ मी आणते.

तुझ्या बाई