जंप रेसिंगचे ट्रेनर हंगामाच्या सुरुवातीला घोड्यांबद्दल जे बोलतात, त्यातलं किती खरं धरायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ब्रिटन आणि आयर्लंडच्या ट्रेनर्सच्या मुलाखती येतात, प्रत्येकाचा प्रत्येक घोडा मजेत असतो, मग त्यातून घ्यायचं काय?

मी मूळचा पुण्याचा. वडील रेसकोर्सवर सईस होते, मीही तिथेच रायडिंग बॉय म्हणून लागलो. आता काही वर्षं इंग्लंडमध्ये लॅम्बोर्नला एका जंप ट्रेनरच्या तबेल्यात आहे. त्या मुलाखतींत ज्या घोड्यांची नावं येतात, त्यांतल्या तिघांना रोज खरारा मीच करतो. त्यामुळे पहाटे जे दिसतं, त्यावरून सांगतो.

आपल्याकडे पुण्यात आणि महालक्ष्मीला सपाट रेस असते. इथे जंप रेसिंगमध्ये घोडे अडथळ्यांवरून उड्या मारत पळतात: हर्डल म्हणजे हलका अडथळा, कमीत कमी साडेतीन फुटांचा; स्टीपलचेसचं भक्कम कुंपण कमीत कमी साडेचार फुटांचं, आणि अंतर दोन मैलांपासून ते ग्रँड नॅशनलच्या सव्वाचार मैलांहून जास्त. घोडा दहा-अकरा वर्षांचा होईपर्यंत पळतो. कागदावर हंगाम एप्रिलअखेरीस संपतो आणि पाठोपाठ नवा सुरू होतो, पण चांगल्या घोड्यांना त्यानंतर गवतावर सोडून देतात. ते तबेल्यात परततात जुलै-ऑगस्टमध्ये, पोट सुटलेलं आणि अंग सैलावलेलं घेऊन. मग कित्येक आठवडे नुसती चाल आणि दुडकी, त्यानंतर चढावरची दौड, आणि मग उड्यांचा सराव.

म्हणून ‘गवतावरून छान परतलाय’ या वाक्यातून तुम्ही काहीच घेऊ नका. खोटं नसतं ते, पण सगळ्यांबद्दल खरं असतं. मी स्वतः तंगाची, म्हणजे खोगीर आवळणाऱ्या पट्ट्याची, भोकं मोजतो. माझ्याकडच्या एका थोराड घोड्याचा तंग ऑगस्टमध्ये जिथे बसतो, त्याच्या दोन भोकं वर तो नोव्हेंबरपर्यंत यायला हवा. दुसरी खूण श्वासाची. चढ संपतो तिथे आमचे ट्रेनर गाडी लावून उभे असतात आणि आम्ही घोडे वळवून त्यांच्यासमोरून चालवत नेतो. त्यांचं लक्ष पायांपेक्षा नाकपुड्यांकडे असतं. धाप किती वेळात बसते, त्यावर पहिली रेस या आठवड्यात की पंधरा दिवसांनी, हे ठरतं. मुलाखतीत यातलं फारसं येत नाही.

मुलाखतीत ऐकायच्या गोष्टी वेगळ्या. सगळ्यात आधी मैदान. ‘याला पाऊस हवा’ असं ट्रेनर म्हणाला, तर ते शब्दशः घ्या. ऑक्टोबर कोरडा गेला की पाणी मारूनही टापांखाली हवा तेवढा मऊपणा येत नाही, आणि पाच-सहाशे किलोचं जनावर कुंपणावरून उतरताना सगळा भार पुढच्या पायांवर घेतं. पायाची शीर (टेंडन) दुखावली की अख्खं वर्ष जातं. अशा वेळी नाव मागे घेणं म्हणजे घोड्यात खोट आहे असं नव्हे.

मैदानाचा फरक किती पडतो, हे ब्रिस्टल डी माई या घोड्यावरून कळतं. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये हेडॉक रेसकोर्सच्या चिखलात त्याने बेटफेअर चेस ही मोठी रेस तब्बल 57 लेंग्थनी (घोड्याच्या लांबीच्या मापाने) जिंकली. महिन्याभराने केम्प्टनच्या किंग जॉर्ज रेसमध्ये तो पळाला, पण जिंकणाऱ्याच्या जवळपासही नव्हता. पुढे 2018 आणि 2020 मध्ये हेडॉकलाच तो पुन्हा जिंकला. त्याचं नाव निघालं की मी आधी हवामान बघायचो.

दुसरं, रेसचं नाव. ‘चेप्स्टोला काढू, मग बघू’ (म्हणजे आधी एक सरावाची रेस) आणि ‘थेट हेडॉकला जातोय’ (म्हणजे पहिलीच रेस मोठी) यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बहुतेक मोठ्या घोड्यांचं लक्ष्य मार्चमधला चेल्टनहॅमचा मोठा रेस-महोत्सव असतो. नोव्हेंबरात त्यांना पूर्ण पिळून काढलं तर मार्चला शिल्लक काय राहणार? विली मलिन्सचा घोडा गॅलोपाँ दे शाँ 2023 च्या नोव्हेंबरमध्ये आयर्लंडमध्ये पंचेस्टाउनला हंगामाच्या पहिल्याच रेसमध्ये तिसरा आला. लोकांनी लगेच शंका काढल्या. नाताळात लेपर्ड्सटाउनला त्याने मैदान मारलं आणि मार्चमध्ये चेल्टनहॅम गोल्ड कपही. ‘या रेसने तो सुधारेल’ असं विली मलिन्ससारखा ट्रेनर म्हणतो, तेव्हा ती हरण्याची आगाऊ सबब आहे असं कृपा करून समजू नका.

पण सगळ्यांना हाच नियम लावलात तर फसाल. काही घोडे ताजेतवाने असतानाच सर्वांत जास्त पळतात. कौटो स्टार या घोड्याचं उदाहरण माझ्या फार जवळचं आहे. 2011 च्या मे महिन्यात पंचेस्टाउनला त्याला रेस अर्धवट सोडावी लागली आणि आता त्याला निवृत्त करा असं बरेच जण म्हणू लागले. त्याचे ट्रेनर पॉल निकोल्स यांनी त्याला नोव्हेंबरात हेडॉकला आणला. अकरा वर्षांचा घोडा, हंगामातली पहिलीच रेस, समोर त्या वर्षीचा गोल्ड कप विजेता लाँग रन. आणि कौटो स्टार सुरुवातीपासून पुढे राहून जिंकला. त्यामुळे ज्या घोड्याबद्दल ऐकलंत, त्याच्या मागच्या प्रत्येक हंगामातली पहिली रेस काढून बघा. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि ट्रेनरच्या पानभर बोलण्यापेक्षा उपयोगी आहे.

नवशिक्या घोड्यांबद्दल ‘यंदा हर्डलवर जे मिळेल ते बोनस, खरा तो पुढच्या वर्षीचा चेसर’ (स्टीपलचेसचा घोडा) असं ऐकलंत तर मला मनापासून आनंद होतो. तो ट्रेनर घाई करणार नाही. असा घोडा यंदा दोनदा हरला तरी त्याचं नाव वहीत टिपून ठेवा. श्वासनलिकेची शस्त्रक्रिया झाली असेल, तर 2018 पासून ब्रिटनमध्ये ते जाहीर करावं लागतं आणि रेसकार्डवर दिसतं. तेही बघत जा.

पहिली रेस बघताना नंबर कितवा लागला यापेक्षा शेवटून दुसऱ्या उडीपर्यंत घोडा कसा होता ते बघा. उड्या मोकळ्या होत्या का? लगाम ओढून पळत होता का? तिथपर्यंत सगळं ठीक असून पुढे दमला, तर तो दम दौडीने भरून येतो. उडीलाच कचरत असेल तर दुखणं शोधावं लागतं. मागच्या ऑक्टोबरात माझा तो थोराड घोडा शेवटच्या दोन उड्यांत दमून पाचवा आला. मालक उतरलेल्या चेहऱ्याने उभे होते. मी त्याला पाणी मारून फिरवत होतो, चार फेऱ्यांत त्याची धाप बसली आणि तो माझ्या खिशातलं गाजर शोधायला लागला. दुसऱ्या दिवशी तंग एक भोक वर चढला होता.