ताबा कुणाकडे, हे ठरेपर्यंतची वर्षं : वाचकांचे प्रश्न

मुलांच्या ताब्याविषयी आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न इथे घेतले आहेत. नावं, गावं काढून टाकली आहेत. उत्तरं कौटुंबिक न्यायालयात काम करणारे वकील आणि बालसमुपदेशक यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : मुलगा साडेचार वर्षांचा आहे, माझ्याकडे राहतो. सासरचे म्हणतात, ‘पाच पूर्ण होऊ देत, मग कायद्यानं तो बापाकडेच येतो.’ खरं आहे का?

नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ मध्ये एवढंच आहे की, पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा. पाच पूर्ण झाले की ताबा आपोआप बदलतो, असं त्यात कुठेही नाही. त्याच कायद्याचं कलम १३ सांगतं की मुलाचं हित सर्वांत वरचं. याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा : ‘सर्वसाधारणपणे’ म्हणजे ‘नेहमीच’ नव्हे. पाचाखालचं मूलही गंभीर कारण असेल तर वडिलांकडे जाऊ शकतं. हा कायदा लागू नसलेल्या कुटुंबांत व्यक्तिगत कायदा आणि १८९० चा पालक व पाल्य अधिनियम लागतो, पण तिथेही न्यायालय शेवटी मुलाचं हितच पाहतं.

पाचव्या वाढदिवसाची धास्ती घेण्यापेक्षा मुलाचं रोजचं आयुष्य कोण सांभाळतं, हे दाखवणारे कागद जपा. लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, शाळेच्या फीच्या पावत्या, पालकसभेच्या नोंदी. आणि भीतीपोटी मुलाला दुसऱ्या गावी नेऊन ठेवू नका. ते लपवणं ठरतं आणि तुमच्यावरच उलटतं.

प्रश्न : पत्नी सात वर्षांच्या मुलीला घेऊन माहेरी गेली. चार महिने झाले, मुलगी दिसलेली नाही. घटस्फोटाचा अर्ज दाखल आहे, पण तारखांवर तारखा पडतात. मी ताब्यासाठी काय करू?

आधी ताबा बाजूला ठेवा, भेट मागा. ताब्याच्या अंतिम निकालाला वर्षं लागू शकतात. तेवढ्यात सातची मुलगी अकराची होईल. ती या काळात जगणार आहे ते अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या, आदेशावर, आणि नेमका तोच आदेश बहुतेक जण घाईघाईत, एका ओळीत मागतात.

घटस्फोटाचा दावा चालू असल्यानं हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ खाली त्याच न्यायालयात अंतरिम अर्ज करता येतो. (दावाच नसता, तर मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या न्यायालयात पालक व पाल्य अधिनियमाखाली अर्ज करावा लागला असता. कलम १२ मध्ये तात्पुरत्या आदेशाची सोय आहे.)

अर्जात ‘दर रविवारी भेट मिळावी’ एवढंच लिहिलं तर पहिल्याच रविवारी वाद होतो. किती वाजता? कुठे? आणणार कोण, सोडणार कोण? मुलगी तापानं फणफणली तर? म्हणून हे सगळं आधीच लिहून मागा. चार महिन्यांचा खंड पडलेला आहे, तेव्हा पहिल्या दिवसापासून मुक्कामाचा हट्ट नको. सुरुवातीच्या चार-सहा भेटी दोन-दोन तासांच्या, न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत किंवा मुलीच्या ओळखीच्या जागी. मग दिवसभराची भेट, त्यानंतर एका रात्रीचा मुक्काम. या पायऱ्या एकाच अर्जात मागितल्या की प्रत्येक टप्प्याला नवा अर्ज आणि नवी तारीख लागत नाही.

मुलीची देवाणघेवाण कोणाच्याही घराच्या दारात नको. भांडणं तिथेच पेटतात. पायरीवर आजी उभी, जिन्यात मामा, आणि मधे दप्तर घेतलेलं पोर. शनिवारी शाळा सुटताना एकानं घेणं आणि सोमवारी दुसऱ्यानं शाळेतूनच परत नेणं हा सर्वांत शांत मार्ग. त्यासाठी आदेशाची प्रत मुख्याध्यापकांकडे आधी पोहोचलेली हवी, नाहीतर शाळा मुलीला सोडणार नाही, आणि ते योग्यच आहे.

दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी ‘निम्मी-निम्मी’ म्हणून सोडू नका. पहिला अर्धा कोणाचा, दुसरा कोणाचा, सम आणि विषम वर्षी आलटून-पालटून कसं, हे ठरवा. वाढदिवस वेगळा लिहा. आजारपणामुळे भेट चुकली तर त्याच दिवशी निरोप, डॉक्टरांची चिठ्ठी आणि पंधरा दिवसांत बदली भेट. उशीर झाला तर किती वेळ थांबायचं तेही लिहा, अर्धा तास पुरे.

व्हिडिओ कॉल विसरू नका. यशिता साहू प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं, मुलाला दोन्ही पालकांचं प्रेम मिळण्याचा हक्क आहे असं सांगून अशा संपर्कावर भर दिला. सात वर्षांच्या मुलीला आठवड्यातून तीन वेळा पंधरा-वीस मिनिटं ठीक. रोजचा तासभराचा कॉल तिला गृहपाठासारखा वाटू लागतो.

दोघांचं जमलं तर ते व्हरांड्यातल्या बोलण्यावर ठेवू नका. दोघांच्या सह्यांची पुरसीस (न्यायालयाला दिलेलं लेखी निवेदन) दाखल करा आणि रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीत, ती आली का ते पाहा. आदेश होऊनही भेट मिळाली नाही, तर तारीख-वेळ टिपून त्याच न्यायालयात अर्ज करा. पोलिसांना घेऊन माहेरच्या दारात गेलात, तर मुलीच्या लेखी ‘बाबा’ आणि ‘पोलीस’ हे एकच चित्र होऊन बसतं.

प्रश्न : न्यायाधीश माझ्या नऊ वर्षांच्या मुलाशी बोलणार आहेत. त्याची तयारी कशी करून घेऊ?

उत्तरांची तयारी अजिबात करून घेऊ नका. पढवलेलं मूल लगेच कळतं. तीन वेगळ्या प्रश्नांना एकच वाक्य येतं, तोंडात ‘मानसिक छळ’, ‘पोटगी’ असे शब्द येतात, किंवा स्वतःच्या जन्माआधीचे प्रसंग ते डोळ्यांदेखत घडल्यासारखं सांगतं. मग त्याचं खरं म्हणणंही संशयात पडतं.

मूल समजून मत देण्याइतकं मोठं असेल तर न्यायालय त्याची पसंती विचारात घेऊ शकतं, असं पालक व पाल्य अधिनियमाचं कलम १७ सांगतं. त्यासाठी ठरावीक वय नाही. पसंती विचारात घेणं म्हणजे तसाच निकाल देणंही नव्हे. मुलाला हे सांगणं सर्वांत गरजेचं, कारण नऊ वर्षांच्या मुलाला वाटतं की आपल्या एका वाक्यानं आई किंवा बाबा हरणार. त्याला एवढंच सांगा : ‘तिथले साहेब किंवा मॅडम तुझ्याशी बोलतील. वाटेल ते सांग. माहीत नसेल तर माहीत नाही म्हण. ठरवणार ते आहेत, तू नाहीस.’

बोलणं सहसा चेंबरमध्ये, आई-वडिलांशिवाय होतं. सुनावणी बंद दाराआड घेण्याची तरतूद कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम ११ मध्ये आहे. परीक्षेचा दिवस असेल तर वकिलांमार्फत दुसरी तारीख मागा. डबा, पाण्याची बाटली आणि एखादं गोष्टीचं पुस्तक सोबत घ्या, कारण थांबावं लागतं. बाहेर आल्यावर ‘काय विचारलं? तू काय म्हणालास?’ हे विचारू नका, आजी-आजोबांनाही विचारू देऊ नका. आणि मोबाइलवर मुलाचं ‘मला बाबांकडे जायचं नाही’ असं बोलणं रेकॉर्ड करून दाखल करण्याचा मोह आवरा. त्यातून मुलापेक्षा मोबाइल धरणाऱ्याबद्दलच जास्त कळतं.

प्रश्न : भेटीच्या दिवशी मुलगी रडते, वडिलांकडे जायला तयार होत नाही. जबरदस्तीनं पाठवू का?

आधी रडणं कशाचं ते पाहा. एका घरातून दुसऱ्या घरात जातानाचं रडणं बहुधा थोड्या वेळात थांबतं, आणि परत येताना तीच मुलगी तिकडून निघायलाही कुरकुरते. भेटीच्या आदल्या रात्री अंथरूण ओलं होणं, फक्त त्याच दिवशी पोटात दुखणं, एखाद्या ठरावीक माणसाची किंवा खोलीची भीती, हे सातत्यानं दिसलं तर ते गंभीरपणे घ्या.

ओढून पाठवू नका, ‘नाही गेलीस तर पोलीस येतील’ म्हणू नका, पण ‘तुझी मर्जी’ म्हणून निर्णय तिच्यावरही टाकू नका. त्याच दिवशी समोरच्याला लेखी कळवा आणि भेटी देखरेखीखाली किंवा कमी वेळाच्या करण्यासाठी न्यायालयात अर्ज द्या. परस्पर भेटी बंद केल्या की मुलीचं मन कलुषित केल्याचा आरोप येतो. विवेक सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली या धोक्याची दखल घेतली आहे. विवाह समुपदेशकांशी झालेलं बोलणं गोपनीय असतं, ते पुरावा म्हणून येईल असं धरू नका. मुलीबद्दल तज्ज्ञाचं मत हवं असेल तर कौटुंबिक न्यायालय अधिनियमाच्या कलम १२ खाली न्यायालयाकडे तशी मागणी करा.

मारहाण किंवा लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर मात्र हा सगळा संयम बाजूला ठेवा. पॉक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून मुलांना संरक्षण देणाऱ्या, कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लैंगिक अत्याचाराबाबत पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८. मुलगी जे बोलली ते तिच्याच शब्दांत, तारखेसह लिहा आणि तिला पुन्हा पुन्हा विचारू नका. दहा जणांनी विचारलं की तिची आठवण आणि विचारणाऱ्यांचे शब्द यांची सरमिसळ होते, आणि खटल्यात त्याचाच फायदा घेतला जातो. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २१ खाली, भेट मुलाला घातक वाटल्यास दंडाधिकाऱ्यांनी ती नाकारायची आहे. ताबा मिळवण्यासाठी खोटी तक्रार करणाऱ्यालाही पॉक्सोत शिक्षा आहे. त्याआधी मुलीला मात्र विनाकारण वैद्यकीय तपासणी आणि जबाब यांतून जावं लागतं.

प्रश्न : नवऱ्यानं पोटगी थांबवली. मी भेटी थांबवू शकते का?

नाही. पोटगी बुडाली म्हणून मुलाची भेट बुडवता येत नाही, आणि भेट मिळत नाही म्हणून पोटगीही थांबवता येत नाही. थकबाकीसाठी वसुलीचा अर्ज करा. मुलाच्या खर्चाचा अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असं हिंदू विवाह अधिनियमाचं कलम २६ सांगतं. रजनेश वि. नेहा (२०२०) या निकालानंतर दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजली जाते. पैसे बँकेतूनच घ्या, रोख नको.

प्रश्न : पत्नी मुलाला घेऊन परदेशी जाईल अशी भीती आहे.

मग आजच अर्ज करा. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग करारात भारत सहभागी नाही, त्यामुळे मूल बाहेर गेल्यावर परत आणणं फार अवघड होतं. न्यायालयाच्या परवानगीशिवाय मुलाला देशाबाहेर नेऊ नये असा मनाई आदेश आणि मुलाचा पासपोर्ट न्यायालयात जमा करण्याचा आदेश, दोन्ही मागा. शाळा सोडल्याचा दाखला मागितला आहे, तिकीट काढलं आहे, नोकरीचं पत्र आलं आहे, असं काही हाती असेल तर ते अर्जाला जोडा. नुसत्या भीतीवर असा आदेश मिळणं कठीण जातं. आणि पत्नीला खरोखरच तिकडे नोकरी लागली असेल, तर नुसता विरोध नोंदवून थांबू नका. सुट्ट्यांत मूल इथे किती दिवस असेल, प्रवासखर्च कोण करेल, कॉल कोणत्या वेळी होतील, हे सगळं तिनं परतीच्या हमीपत्रासह लिहून द्यावं, अशी मागणी करा.