नवा टायर आणि थरथरणारं हँडल

प्रश्न : १५० सीसीच्या गाडीला पुढचा ट्यूबलेस टायर नवा टाकला. ठाणे-बेलापूर रस्त्यावर ७०च्या पुढे गेलं की हँडल थरथरतं, ५०ला काहीच नाही. टायरवाला म्हणतो, बाइकला बॅलन्सिंग लागत नाही. — एक वाचक, ऐरोली

उत्तर : लागतं. कमी वेगात जाणवत नाही, एवढंच. वेग दुप्पट झाला की असमतोलाचा झटका चौपट होतो. १७ इंची रिमवर एका जागी २० ग्रॅम जास्त असतील, तर ८०च्या वेगाला ते चाकाला सुमारे अडीच किलोच्या जोराने ओढतात आणि सेकंदाला बाराएक वेळा हा जोर गोल फिरतो.

आधी टायर नीट बसलाय का बघा. रिमच्या कडेलगत टायरवर बारीक रेघ असते. ती दोन्ही बाजूंना, चाकभर रिमपासून सारख्याच अंतरावर हवी. कुठे आत बुडालेली दिसली तर हवा सोडा, तिथे साबणाचं पाणी लावा आणि पुन्हा भरा. बीड (टायरची रिममध्ये अडकणारी कड) टक्‌कन बसतो. टायरवर छापलेल्या मर्यादेच्या वर मात्र हवा नेऊ नका. टायरवर पिवळा ठिपका असेल तर ती त्याची हलकी बाजू. ती व्हॉल्व्हशी जुळलेली हवी, कारण व्हॉल्व्हची बाजू सहसा जड असते.

बॅलन्सिंग घरीही होतं. चाक काढा (डिस्क बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर चुकूनही दाबू नका). बेअरिंगचे डस्ट सील काढून ठेवा. ते घासतात आणि पाच-दहा ग्रॅमचा फरक दिसूच देत नाहीत. एक्सल घालून चाक दोन सारख्या उंचीच्या स्टुलांवर अधांतरी ठेवा आणि हळूच फिरवा. तीन-चारदा फिरवूनही एकच जागा खाली येऊन थांबली, तर तीच जड. तिथे खडूची खूण करा आणि बरोबर समोरच्या बाजूला रिमवर १० ग्रॅम टेपने लावा. आता खूण घड्याळातल्या तीनच्या जागी आणून सोडा. खूण खाली गेली तर ५ ग्रॅम वाढवा, वर गेली तर कमी करा. कुठेही सोडलं तरी चाक जागच्या जागी राहिलं की झालं. मग रिम स्पिरिटने पुसून, कोरडी करून चिकटवायची वजनं पक्की लावा. ऑइलचा किंवा चेन स्प्रेचा डाग राहिला तर पहिल्याच पावसात ती निघून जातात.

प्रश्न : मागच्या चाकाला ७० ग्रॅम वजन लावावं लागलं. चालेल? — एक वाचक, घोडबंदर रोड

उत्तर : चालेल, पण एवढं का लागलं ते शोधा. बीड सोडवून टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवा. बरेचदा निम्म्यात काम होतं. तरीही कमी झालं नाही तर स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) तारेचं टोक बांधून रिमजवळ आणा आणि चाक फिरवा. अंतर २ मिमीपेक्षा जास्त बदलत असेल तर खड्ड्याने रिम वाकलीय. बहुतेक मॅन्युअलमध्ये मर्यादा २ मिमीचीच असते. वाकलेली रिम वजनं लावून सुधारत नाही.

प्रश्न : टायरमध्ये पंक्चर सीलंट आहे. बॅलन्सिंग करू का? — एक वाचक, नेरूळ

उत्तर : आत्ता नको. द्रव सीलंट चाक थांबलं की खाली साचतं, त्यामुळे स्टुलावरचं माप खोटं येतं. वाळून एका जागी गोळा झालं असेल तर थरथर त्याचीच असू शकते. टायर उघडून आतून धुवा, मग बॅलन्स करा.