जाब ‘विचारला’ की ‘विचारली’?

गोव्यातल्या डिचोलीच्या एका वाचकभगिनीने विचारलं आहे: “‘चीनच्या प्रश्नावरून विरोधी पक्षनेत्यांनी सरकारला जाब विचारला’ असं पेपरात वाचलं. आमच्या घरी कोंकणी. आमची ‘जाप’ म्हणजे उत्तर. मग उत्तर विचारतात कसं? प्रश्न विचारायचा आणि उत्तर द्यायचं ना? शिवाय आम्ही ‘जाप दिली’, ‘जाप मेळ्ळी’ म्हणतो, तर मराठीत ‘जाब विचारली’ का नको? आणि ‘जाब’ म्हणण्यापेक्षा ‘खुलासा मागितला’ जास्त सभ्य नाही का?”

लिंगाचं आधी सांगून टाकतो. मराठीत जाब पुल्लिंगी आहे, म्हणून ‘जाब विचारला’. कोंकणीतली जाप स्त्रीलिंगी, तिचं अनेकवचन ‘जापो’. दोन्ही शब्द अरबी ‘जवाब’चेच, फारसीच्या वाटेने आलेले. कोंकणीत शेवटच्या ‘ब’चा ‘प’ झाला आणि लिंगही बदललं. ज्याच्या कानात लहानपणापासून ‘जाप दिली’ बसलं आहे त्याच्या तोंडून मराठी बोलताना ‘विचारली’ निघणं अगदी स्वाभाविक आहे. पण मराठी लिहिताना ‘विचारला’च लिहावं.

उत्तर विचारतात कसं, ही शंका मला फार आवडली. तिचं उत्तर ‘विचारणे’ या क्रियापदात आहे. आपण नाव विचारतो, पत्ता विचारतो, वाट विचारतो, बाजारात माशांचा भाव विचारतो. यातलं काहीच प्रश्न नाही. समोरच्याकडून जे हवं आहे तेच मराठी ‘विचारणे’चं कर्म करते. ‘प्रश्न विचारणे’ हा त्याच क्रियापदाचा आणखी एक उपयोग. बाईंनी फळ्यावरच्या गणिताचं उत्तर विचारलं, हेही आपल्याला खटकत नाही. तेव्हा जाब विचारणे व्याकरणात चोख बसतं.

फरक पडतो तो अर्थात. कोंकणी जाप कोणत्याही प्रश्नाची असते, परीक्षेच्या पेपरातली सुद्धा. मराठीत या शब्दाची भावंडं वेगवेगळ्या घरी गेली. ‘जबाब’ पोलीस नोंदवून घेतात, किंवा ‘कबुलीजबाब’ होऊन कोर्टात जातो. तमाशाच्या फडात ‘सवाल-जबाब’ रंगतात. चटकन बोलणारा ‘हजरजबाबी’, आणि ज्याला उत्तर द्यावंच लागतं तो ‘जबाबदार’. साध्या उत्तराला ‘उत्तर’ हा शब्द होताच. आखूड झालेल्या ‘जाब’कडे मग एकच काम उरलं: ज्याच्यावर काम सोपवलं त्याने द्यायचा हिशेब. म्हणून ‘त्याने माझ्या पत्राला जाब दिला’ आज कोणी लिहीत नाही. कोंकणीत हाच धागा ‘जापसालदारकी’त दिसतो. जबाबदारीला इतका भरघोस शब्द गोव्यात रोज बोलला जातो, याचा मला हेवा वाटतो.

त्यातला ‘जापसाल’ म्हणजे मराठीतला जुना ‘जाबसाल’, जबाब आणि सवाल यांची जोडी. मराठेशाहीच्या कागदपत्रांत हा शब्द दुसऱ्या दरबाराशी चाललेल्या बोलण्यांसाठी येतो. परक्या दरबारी ठेवलेला वकील धन्याच्या वतीने जाबसाल करी. म्हणजे शेजारच्या सत्तेशी बोलणी या अर्थाचा शब्द मराठीत होता. तो मागे पडला, आणि त्याच घरातला ‘जाब’ आज त्या बोलण्यांबद्दल आपल्याच सरकारला विचारला जातो. (‘जाबता’ मात्र या घराण्यातला नव्हे. ‘फौजदारी जाबता’तला तो शब्द नियम या अर्थाच्या वेगळ्या अरबी शब्दावरून आला.)

जाब कोण कोणाला विचारू शकतो, यात या शब्दाचा खरा कस आहे. आपल्याकडे गोव्यात देवस्थानाच्या सर्वसाधारण सभेत महाजन, म्हणजे देवस्थानाचे हक्काचे सभासद, कारभार पाहणाऱ्या समितीला जाब विचारतात: उत्सवाचा खर्च कुठे गेला, जमिनीचं काय झालं? समिती महाजनांना जाब विचारत नाही. कारभार ज्याच्या हाती, जाब त्याने द्यायचा. ज्यांच्या वतीने तो कारभार चालतो त्यांनी तो विचारायचा. संसदेचं नातंही असंच आहे. मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असतं, म्हणून विरोधी पक्षनेत्याने सरकारला जाब विचारला हे वाक्य शोभतं. सत्ताधाऱ्यांनी उलट विचारलं तर त्याला दुसरा शब्द हवा.

३ एप्रिल २०२५ च्या लोकसभेचं उदाहरण घ्या. तातडीचे विषय मांडायच्या शून्य प्रहरात विरोधी पक्षनेते राहुल गांधी यांनी चीनचा विषय काढला. चार हजार चौरस किलोमीटर भूभाग चीनच्या ताब्यात असल्याचा दावा करून त्यांनी सरकार त्याबद्दल काय करत आहे असं विचारलं. दोन्ही देशांच्या राजनैतिक संबंधांना ७५ वर्षं झाली म्हणून चिनी राजदूतांबरोबर परराष्ट्र सचिवांनी केक कापला, त्यावरही बोट ठेवलं. भाजपचे अनुराग ठाकूर यांनी अक्साई चीन कोणाच्या काळात गेला असा सवाल टाकला. पहिली कृती जाब विचारण्याची, दुसरी प्रतिप्रश्नाची. कोणाचं म्हणणं बरोबर, याच्याशी शब्दाचा संबंध नाही. ज्याच्या हाती आज कारभार आहे, जाब त्याच्याकडेच मागितला जातो.

मात्र जाब विचारला म्हणजे तो मिळाला असं नव्हे, आणि बातमी लिहिणाऱ्याने इथे जपावं. शून्य प्रहरात मांडलेल्या मुद्द्याला मंत्र्याने तिथल्या तिथे उत्तर दिलंच पाहिजे असं बंधन नसतं. तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर असतं, वर पुरवणी प्रश्न येतात. तिसरी वाट मंत्र्याच्या निवेदनाची. लोकसभेच्या नियम ३७२ नुसार निवेदन चालू असताना प्रश्न विचारता येत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये तवांगजवळच्या यांगत्से इथल्या झटापटीवर संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी दोन्ही सभागृहांत निवेदन केलं. पुढे विचारायला परवानगी नाही म्हणून विरोधक सभात्याग करून गेले. त्या दिवसाची बातमी ‘सरकारने जाब दिला’ अशी होऊ शकत नाही. ‘सरकारने निवेदन केलं’ हेच नेमकं. निवेदनात सांगणारा आपल्याला हवं तेवढं सांगतो. जाब देताना समोरचा आणखी विचारू शकतो.

खुद्द शेजाऱ्याला जाब विचारता येतो का? ‘भारताने चीनला जाब विचारला’ असे मथळे दिसतात, पण मला ते पटत नाहीत. चीन आपल्याला बांधलेला नाही. तिथे निषेध नोंदवतात, राजदूताला बोलावून घेतात, स्पष्टीकरण मागतात. गोव्याला हा भेद अनुभवाने ठाऊक आहे. मुक्तीपूर्वी पोर्तुगीज सत्ता सीमेला खेटून होती. भारत सरकारने लिस्बनला निषेधाचे खलिते पाठवले, १९५३ मध्ये तिथली वकिलात बंद केली. पण १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्यात शिरलेल्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांच्या गोळ्या चालल्यावर ‘तुम्ही आता काय करणार?’ हा प्रश्न विरोधकांनी नेहरू सरकारला विचारला. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्याकडे निषेध, नेहरूंकडे जाब. म्हादई नदीच्या पाणीवाटपाच्या बातम्यांतही हेच सांभाळावं. पर्वरीच्या विधानसभेत विरोधी आमदार गोवा सरकारला जाब विचारतील. गोवा सरकार कर्नाटकाविरुद्ध दाद मागेल, लवादाकडे किंवा सर्वोच्च न्यायालयात. ‘कर्नाटकाला जाब विचारा’ ही सभेतली घोषणा म्हणून ठीक, बातमीत नको.

राहिला खुलासा. त्यात सभ्यपणा आहे हे खरं. खुलासा मागणारा समोरच्याला दोषी धरत नाही, गोष्ट उलगडून सांगा एवढंच म्हणतो. बारीकसारीक शंकेला तोच योग्य. पण सैनिकांचे प्राण आणि देशाची जमीन असा विषय असेल आणि विचारणारा विरोधी पक्षनेता असेल, तर खुलासा मवाळ पडतो. तिथे जाब असभ्य नाही, तो सभागृहाच्या हक्काचा शब्द आहे. शिवाय हिंदीच्या प्रभावाने ‘खुलासा’ आता ‘गौप्यस्फोट’ या अर्थानेही छापला जातो. ‘विरोधी पक्षनेत्यांचा चीनबाबत खुलासा’ हा मथळा एक वाचक त्यांनी स्वतःची बाजू स्पष्ट केली असा घेईल, दुसरा त्यांनी गुपित फोडलं असा. सरकारला त्यांनी काही विचारलं, हे दोघांनाही कळणार नाही.

विभक्तीकडेही लक्ष असू द्या. ‘सरकारला जाब विचारला’ आणि ‘सरकारकडे जाब मागितला’ दोन्ही बरोबर. ‘सरकारकडून जाब विचारला’ लिहिलंत तर विचारणारं सरकारच ठरतं. विषय जोडायला ‘वरून’ घ्या: ‘चीनच्या प्रश्नावरून सरकारला जाब’. तुम्ही वाचलेलं वाक्य याच घडणीचं आहे, त्यात बदलण्यासारखं काही नाही.