लीड्सला बाळ घेऊन येतेयस तर

तुझा प्रश्न परवा रात्री वाचला आणि काल दिवसभर डोक्यातून गेला नाही. मुलगी चार महिन्यांची, वजन पाच किलो सहाशे. डॉक्टर म्हणतात ठीक आहे, सासूबाई म्हणतात सुकलीय. ऑक्टोबरात तुम्ही तिघं इंग्लंडात लीड्सला येताय, आणि तू विचारतेस: नाचणी सत्त्व मिळतं का, पावडरच्या दुधाचा कुठला डबा चांगला, घरी वजनकाटा घ्यावा का, आणि घरचं कुणी जवळ नसताना हे सगळं निभतं कसं. मी इथं सात वर्षं आहे, तुझ्यापेक्षा वयानं मोठी असेन, म्हणून सरळ 'अगं' म्हणतेय.

व्हिसा, फी, लसींचं वेळापत्रक यातलं मी काही सांगत नाही. ते सरकारी संकेतस्थळावर आहे आणि सारखं बदलत असतं. लसीकरणाचं कार्ड तेवढं हातातल्या बॅगेत ठेव, चेक-इनच्या बॅगेत नको.

आल्यावर पहिलं काम जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, मुलीचं नाव घालायचं. तिथून पुढे हेल्थ व्हिजिटर (लहान बाळांची नर्स), वजनाचं क्लिनिक, सगळी साखळी सुरू होते. नोंदणीसाठी पत्त्याचा पुरावा किंवा ओळखपत्र लागतंच असं नाही, नियम तसाच आहे. हे वाक्य इंग्रजीत पाठ करून ये. मला आमच्या भागातल्या सर्जरीच्या (जीपीच्या दवाखान्याला इथं सर्जरी म्हणतात) काउंटरवरून दोनदा परत पाठवलं, विजेचं बिल आणा म्हणून. बिल घरमालकाच्या नावावर. मुलगी अकरा दिवसांची, माझे टाके ओले, बाहेर बर्फाचा चिखल. मी तिथं उभी राहून 'सॉरी' म्हणाले. मी! नियम मला पुढं चार महिन्यांनी कळला. आजही त्या रस्त्यानं जाताना मी मनात त्या बाईला मराठीत दोन वाक्यं ऐकवते.

आता वजन. माझी जन्मली तेव्हा तीन किलो शंभर ग्रॅम होती. पाचव्या दिवशी मिडवाइफ, म्हणजे सुईण-नर्स, घरी आली, टाचेतून रक्त घेतलं, वजन केलं: दोन किलो आठशे तीस. पहिल्या दिवसांत बाळं उतरतातच, साधारण दहा टक्क्यांच्या आत असेल तर घाबरत नाहीत, असं ती म्हणाली. मी घाबरले. दोन-तीन आठवड्यांत जन्माचं वजन भरून यायला हवं असतं. तिसऱ्या आठवड्यात आमची तीन किलो पन्नासवर होती. आठव्या आठवड्यात चार किलो तीनशे. बाळाच्या तब्येतीच्या लाल वहीतल्या तक्त्यावर (तिला सगळे रेड बुकच म्हणतात) हेल्थ व्हिजिटरनं ठिपका दिला आणि म्हणाली, 'नाइन्थ सेंटाइल, लव्हली.'

नऊ. मी आयुष्यभर मार्क मोजलेली बाई. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, हिला शंभरात नऊ मिळालेत. तो इंजिनियर, त्यानं मला पर्सेंटाइल समजावून सांगितलं. मला ते येत नव्हतं थोडंच? नऊ म्हणजे शंभर मुलींत नऊ जणी हिच्याहून हलक्या, एवढंच. तक्त्यावर नऊ रेघा असतात, ०.४ पासून ९९.६ पर्यंत, आणि बाळ कुठल्या रेघेवर आहे यापेक्षा ते आपल्या रेघेच्या आसपास चालतंय का हे बघायचं असतं. जन्माला २५ आणि ५० च्या मधे असलेली मुलगी ९ वर आली म्हणजे एक-दीड घर खाली आली (दोन रेघांमधली जागा म्हणजे एक घर). इथल्या नाइस या सरकारी आरोग्य संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे अशा मध्यम वजनाच्या बाळासाठी दोन किंवा जास्त घरं घसरली तर काळजी करायची. हेही मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त नऊ दिसत होता.

मग मी तो काटा घेतला. फेसबुकवरून, जुना, पंधरा पौंडाला. दूध पाजायच्या आधी वजन, पाजल्यावर वजन, फोनमध्ये नोंद. चाळीस ग्रॅम प्यायली. पंचवीस ग्रॅम. एकदा उणे दहा आलं, कारण मधे शू झाली होती आणि मी लंगोट बदलला होता. रात्री तीनला स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून मी उणे दहावर रडलेय. इथे सहा महिन्यांपर्यंत निरोगी बाळाचं वजन महिन्यातून एकदापेक्षा जास्त करू नका असं सांगतात, आणि मी दिवसातून सोळा वेळा करत होते. शेवटी नवऱ्यानं काटा उचलून गाडीच्या डिकीत टाकला, किल्ली ऑफिसला घेऊन गेला. तेव्हा, वजनकाटा घेऊ नकोस.

एकटेपणाचं विचारलंयस. होतो, सवय होते. मराठी माणसं भेटतात. लंडनला महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, इकडेही व्हॉट्सअॅपवर गट आहेत, गणपतीला मोदक मिळतात. त्याचं मोठं काही करू नकोस.

खाण्याचं सांगते. नाचणीचं पीठ इंडियन दुकानात रागी म्हणून मिळतं, सत्त्व मिळेलच असं नाही, ते घरून आण. अळीव, डिंक आण. साजूक तूप मात्र आणू नकोस, भारतातून दुधाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे. इथलं बिनमिठाचं लोणी कढवलं की झकास तूप होतं. बाळगुटीची सहाण आणायचा मोह होईल. मी आणली होती. वापरली नाही, पोळपाटाच्या मागे उभी आहे. मध वर्षाच्या आत अजिबात नको, बोटाला लावून चाटवायलाही नको. अंगावरच्या दुधावर असेल तर ड जीवनसत्त्वाचे थेंब रोज द्यायचे, लीड्सच्या हिवाळ्यात ऊन शोधत बसू नकोस. आणि डब्यांबद्दल: पहिल्या टप्प्याच्या सगळ्या दुधांना घटकांचे कायद्यातले नियम सारखेच असतात. दुप्पट किमतीचा डबा घेतलास तर फक्त दुकानदाराचं वजन वाढेल. पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, सत्तर अंशांच्या वर गरम असतानाच पावडर घालायची, मग निववायचं. सहा महिन्यांनंतर दोन नंबरचा डबा घ्यायची गरज नसते.

डब्यांचं मी एवढं सविस्तर लिहितेय त्याला कारण आहे.

माझी आई सातारा जिल्ह्यात अंगणवाडी सेविका होती. तीसेक वर्षं. झोळीच्या काट्याला पोरं लटकवायची, तक्त्यावर हिरवा, पिवळा, केशरी पट्टा बघायची, आणि दारोदार एकच सांगायची: सहा महिने फक्त अंगावरचं, पाणीसुद्धा नाही. सहा महिन्यांनंतर डाळीचं पाणी नको, डाळच दे, चमच्यातून सांडणार नाही एवढी घट्ट. हे मी पाळण्यापासून ऐकलेलं. अशा बाईच्या मुलीला दूध पुरत नव्हतं. दहाव्या आठवड्यात मी डबा आणला. दोन बाटल्या, रात्रीची आणि पहाटेची. आई व्हिडिओ कॉलवर विचारायची, 'अंगावरच पितीय ना?' मी 'हो' म्हणायचे. बाटली टोस्टरच्या मागे असायची. वजन हळूहळू चढलं, पाचव्या महिन्यात २५ च्या रेघेला टेकलं, आणि आई फोनवर म्हणाली, 'बघ, मी सांगत नव्हते? आईचं दूध ते आईचं दूध.' मी त्यालाही 'हो' म्हटलं.

बाळंतपणाला ती इथं असायला हवी होती. तिच्या व्हिसाचा अर्ज केला होता. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाचं भाषांतर जोडावं लागतं, म्हणून आमच्या सातबाराचं इंग्रजी करून घेतलं. 'जिरायत'ला काय म्हणायचं यावर भाषांतर करणाऱ्यानं दोन दिवस घालवले. नकार आला. ही बाई परत जाईल असं वाटत नाही, खात्यावरची शिल्लक पुरेशी नाही. सेविकेला पगार नसतो, मानधन असतं. खात्यावर शिल्लक कुठून असणार? माझ्या आईला माझ्या दोन खोल्यांत राहून काय करायचं होतं? तिचं जोंधळ्याचं रान, तिची म्हैस, तिचा भिशीचा गट. नकाराचं पत्र मी अजून ठेवलंय, का ते विचारू नकोस.

उष्टावणही फोनवरच झालं. कराडहून मामानं अंगठी कॅमेऱ्यासमोर धरली, इकडे मी माझ्या अंगठीनं खीर चाटवली. पोरगी फोनच चाटायला बघत होती.

नवऱ्याच्या बाजूचे लोक म्हणायचे, तो तक्ता गोऱ्या पोरांचा आहे, आपली बारीकच असतात. मीही त्यात आधार शोधला. पण तो गोऱ्यांचा नाही. २००९ पासून इथं दोन आठवड्यांच्या पुढच्या बाळांना वापरतात त्या रेघा जागतिक आरोग्य संघटनेच्या, २००६ सालच्या, आणि त्या सहा देशांतल्या बाळांवरून काढल्यात. त्यात दक्षिण दिल्लीतली बाळंही होती. म्हणजे आईच्या अंगणवाडीच्या भिंतीवरही त्याच रेघा, फक्त रंगवलेल्या. हे मला तेव्हा सुचलं असतं तर मी वही लपवून ठेवली असती.

दुसऱ्या अर्जाला व्हिसा मिळाला. आई आली तेव्हा मुलगी चौदा महिन्यांची होती, चालत होती, वरण-भात दोन्ही हातांनी खात होती. दुसऱ्याच दिवशी आईनं वही मागितली. तिला इंग्रजी येत नाही. तिनं चष्मा लावला, बरोबर तक्त्याचं पान काढलं आणि ठिपक्यांवरून बोट न्यायला लागली. दहाव्या आठवड्यापाशी बोट थांबलं.

'इथनं वर चढलीय. वरचं चालू केलंतस?'

मी हो म्हटलं.

'किती?'

'दोन बाटल्या.'

'बरं केलंस,' म्हणाली आणि पान उलटलं.

फोनवर खोटं का बोललीस, हे तिनं विचारलं नाही. सहा महिने होती. मी रोज तयार होते. निघायच्या दिवशी विमानतळावर तिनं फक्त एवढं विचारलं, की ते रिकामे डबे टाकू नकोस, झाकण घट्ट बसतं, दोन मला बॅगेत देशील का. त्यात आता तिचा रवा असतो. व्हिडिओ कॉलवर मागे फळीवर दिसतात.